पाणी आणि निचरा : महाराष्ट्राच्या साखर उद्योगाच्या अभ्यासाची प्रस्तावना

१

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांवर बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. काही दिवसांनी गव्हाणीची पूजा होऊन पहिली मोळी पडते आणि गळीत हंगाम सुरू होतो. ऊस गव्हाणीत पडल्यापासून साखर पोत्यात भरेपर्यंत एक-दीड दिवस लागतो. त्या गव्हाणीपर्यंत सहकारातून मालक म्हणून पोहोचायला मात्र दख्खनच्या शेतकऱ्याला साठ-पासष्ट वर्षे लागली. १८८०च्या दशकात नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि १९५०–५१च्या हंगामात प्रवरेकाठी लोणी येथे शेतकऱ्यांच्या मालकीच्या सहकारी कारखान्याने ऊस गाळायला घेतला. या दोन घटनांच्या मधली वर्षे आणि त्यानंतरची पाऊणशे वर्षे हा या अभ्यासाचा विषय आहे.

ही प्रस्तावना नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी लिहिली आहे. त्यांत अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र शिकणारे विद्यार्थी असतील. उसाच्या फडात लहानाचे मोठे झालेले, पण कारखान्याचा ताळेबंद कधी उघडून न पाहिलेले तरुण असतील. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या आई-वडिलांबरोबर ज्यांच्या शाळेचे सहा-सहा महिने बुडाले, अशी बीड-पाथर्डीकडची मुलेमुलीही असतील. या सर्वांचे मनापासून स्वागत. या विषयाला या तिन्ही दारांनी येणारी माणसे हवी आहेत. एकाच दाराने आत आलेल्याला या उद्योगाची एकच बाजू दिसते, आणि तेवढ्या एकाच बाजूवर लिहिलेले साहित्य आपल्याकडे आधीच पुष्कळ आहे.

विषयाचा गाभा एका प्रश्नात सांगता येतो. सरकारने या उद्योगासाठी काय केले आणि उद्योगाने त्या मदतीचे काय केले? याची दोन तयार उत्तरे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सरकारच्या पाठबळामुळे ग्रामीण महाराष्ट्र उभा राहिला, हे एक. सरकारच्या पाठबळामुळे सहकार पोखरला गेला, हे दुसरे. दोन्ही उत्तरांना पुरावे आहेत. म्हणूनच दोन्ही अपुरी आहेत.

मला स्वतःला याचे उत्तर कालव्याखालच्या जमिनीत सापडते. कालव्याचे पाणी आले तशी दख्खनची काळी माती पिकली. काही वर्षांतच याच कालव्यांखालच्या कितीतरी जमिनी पाणथळ आणि चोपण झाल्या, कारण पाणी आणण्याची व्यवस्था केली गेली, पण निचऱ्याची केली गेली नाही. आज शिरोळ-वाळव्याच्या क्षारपड शिवारात फिरणाऱ्यालाही तेच दिसते. सरकारी मदत या पाण्यासारखी आहे. जिथे तिला निचरा मिळाला, म्हणजे हिशेब, जबाबदारी आणि नको तिथे थांबवण्याची सोय मिळाली, तिथे ती फळली. जिथे ती नुसती सोडली गेली, तिथे जमीन खारावली. हा विचार मनाशी धरून पुढची पाने वाचावीत, एवढीच विनंती.

२

या उद्योगाला सरकारचा पहिला हात लागला तो साखरेसाठी नव्हता, दुष्काळासाठी होता. १८७६–७८च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालव्यांच्या कामांना वेग आला. उद्देश ज्वारी-बाजरी वाचवण्याचा होता. पण पाऊस बरा झालेल्या वर्षी शेतकरी पाणी घेईना आणि पाणीपट्टी वसूल होईना. बारमाही पाणी घेणारे, पट्टी भरणारे पीक हवे होते, आणि ते ऊस होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. थोड्या-थोड्या क्षेत्राचे गट पाडून त्यांना ठरावीक मुदतीसाठी पाण्याची हमी द्यायची आणि पिकांची पाळी बसवायची, अशी ती व्यवस्था होती. पुढे गोदावरीचे कालवे आले, १९२६मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेकाठी बागायत पसरली.

पाणी आले तरी पीक घेणारे हात लगेच तयार नव्हते. सासवडच्या माळी समाजाने ते काम केले. विहिरीवरच्या बागायतीत मुरलेली ही मंडळी कालव्यांच्या कडेने खंडाने जमिनी घेत पसरली. लागण, खते, पाण्याच्या पाळ्या, गुऱ्हाळ हे सारे शास्त्र त्यांनी नव्या मुलखात नेले. १९३०च्या दशकात त्यांनीच माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. तो कंपनी कायद्याखाली होता, पण ऊस पिकवणाऱ्यांनीच भांडवल घातलेला होता. सहकाराच्या इतिहासात माळीनगरला सहसा एक-दोन ओळी मिळतात. माझ्या मते त्याला पुरे प्रकरण द्यायला हवे. शेतकरी कारखाना चालवू शकतो, हे महाराष्ट्रात पहिल्यांदा तिथे दिसले.

तोवर बहुतेक उसाचा गूळच होत असे. गुळाचा भाव बाजाराच्या हातात आणि शेतकरी सावकाराच्या हातात, अशी अवस्था होती. १९२९नंतरच्या मंदीत गूळ कोसळला आणि बागायतदार बुडाले. याच वेळी दिल्लीत एक निर्णय झाला. १९३२मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा आला आणि जावाहून येणाऱ्या स्वस्त साखरेवर जबर जकात बसली. त्यापूर्वी देशात आधुनिक कारखाने सुमारे ३० होते. पाच वर्षांत ते १३०च्या वर गेले. महाराष्ट्रात हरिगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आधीपासून होता. आता वालचंदनगर, रावळगाव, श्रीपूर, टिळकनगर, साखरवाडी अशी नावे नकाशावर आली. कंपन्यांनी कालव्याखालच्या जमिनी खंडाने घेतल्या. शेतकऱ्याच्या रानात ऊस उभा राहिला, पण त्याच्या वाट्याला खंडाचे थोडे रुपये आणि मजुरी आली. जकातीने उद्योग वाचला खरा; ज्याच्या जमिनीवर तो वाढला त्याच्यापर्यंत जकातीचा लाभ गेला नाही. सरकारी पाठबळाच्या अभ्यासातला हा पहिला धडा आहे. मदत कोणत्या वस्तूला मिळाली, एवढे पाहून भागत नाही. ती कोणाच्या खात्यावर जमा झाली, हे पाहावे लागते.

३

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी हा धडा पुस्तकाशिवाय घेतला होता. १९२३मध्ये त्यांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी उभी केली होती. सावकाराच्या तावडीतून माणूस सोडवायचा तर पैसा एकत्र करावा लागतो, हे ते तेव्हापासून जाणत होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ याच टापूचा वेगळ्या मार्गाने शोध घेत होते. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची त्यांनी पाहणी केली. तिचा अहवाल १९४८मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्यातून निर्माण झालेली संपत्ती कुठे जाते, हे आकड्यांनी तपासणारा हा अभ्यास आजही नव्या अभ्यासकाने पहिल्यांदा वाचावा असा आहे. १९४५मध्ये बेलापूर येथे भरलेल्या बागायतदारांच्या परिषदेचे अध्यक्ष गाडगीळ होते. शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याचा विचार तिथे पक्का झाला. मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात वैकुंठभाई मेहता होते, आणि सहकार हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होता.

पुढची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. विखे पाटील गावोगाव हिंडले, भाग गोळा केले. लोकांच्या मनात शंका होत्या. जमीन जाईल, पैसा बुडेल, कारखाना म्हणजे शहरातल्या शेठचे काम, अशी ती भीती होती. तरीही भागभांडवल जमले. मुंबई सरकारने त्यात आपला वाटा घातला आणि नुकत्याच स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. गाडगीळ अध्यक्ष झाले, विखे पाटील उपाध्यक्ष. दिवसाला ५०० टन गाळपाची ती यंत्रसामग्री आजच्या मानाने खेळण्याएवढी होती.

क्रम मात्र नीट पाहावा. आधी शेतकऱ्याचा भाग, मग सरकारचा वाटा, मग कर्ज. सभासदाने पोटाला चिमटा घेऊन दिलेला रुपया तळाशी होता. तो बुडू नये म्हणून सभासद कारखान्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवी. निचऱ्याची पहिली चारी ही होती.

प्रवरानगरला, म्हणजे लोणीच्या या कारखान्याला, ‘आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना’ म्हणण्याची रीत आहे. अभ्यासकाने हे विशेषण जपून वापरावे. १९३०च्या दशकात आजच्या आंध्र प्रदेशात एटिकोप्पाका येथे सहकारी साखर कारखान्याचा प्रयोग झालेला होता. यामुळे प्रवरेचे मोल उणे होत नाही, उलट प्रश्न अधिक धारदार होतो. सहकारी कारखाना काढण्याची कल्पना इतरांनाही सुचली होती. तिची चळवळ महाराष्ट्रातच का झाली?

४

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग १९५०च्या दशकातल्या धोरणात आहे. १९५४मध्ये अहवाल देणाऱ्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीत गाडगीळ सदस्य होते. दुबळ्यांची संस्था स्वतःच्या बळावर सावकार-व्यापाऱ्यांशी टक्कर देऊ शकत नाही, म्हणून राज्याने तिच्यात भागीदार व्हावे, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. १९५१च्या उद्योग कायद्याने नव्या कारखान्याला परवाना आवश्यक केला आणि परवाने देताना सहकाराला झुकते माप देण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले. राज्यात यशवंतराव चव्हाणांनी या धोरणाला राजकीय बळ दिले. पुढे १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला. वारणेकाठी तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीच्या पंचगंगेवर रत्नाप्पा कुंभार, सांगलीत वसंतदादा पाटील, अशी माणसे या वाटेने पुढे आली. एका पिढीत उसाच्या पट्ट्याचे रूप पालटले.

सरकारी पाठबळ म्हणजे अनुदान, असे नवखा अभ्यासक धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्या अनेक तऱ्हा आहेत आणि प्रत्येक तऱ्हेचे परिणाम वेगळे आहेत. कालव्याचे पाणी ही एक. जकात आणि परवाना ही दुसरी. भागभांडवल आणि कर्जाची हमी ही तिसरी. अमुक गावांचा ऊस अमुक कारखान्यालाच, असे क्षेत्र राखून देणे, म्हणजे १९८४च्या आदेशाने आलेली झोनबंदी, ही चौथी. उसाचा आणि साखरेचा भाव ठरवणे ही पाचवी. १९८२च्या साखर विकास निधीतून आधुनिकीकरणाला कर्ज देणे ही सहावी. संशोधन ही सातवी, आणि माझ्या मते सर्वांत कमी खर्चाची व सर्वांत जास्त फळलेली. १९३२मध्ये सुरू झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने आणि १९७५मध्ये स्थापन झालेल्या, आज मांजरीत असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने वाण, बेणे, खते, यंत्रे यांवर केलेले काम प्रत्येक शिवारात पोहोचले. को ७४०, को ८६०३२, फुले २६५ हे वाण शेतकऱ्याला घरच्या माणसांच्या नावांसारखे पाठ असतात.

भावाच्या तऱ्हेवर थोडे थांबायला हवे, कारण सारी गुंतागुंत तिथे आहे. ऊस नाशवंत आहे. तुटल्यावर तो जितका वेळ पडून राहील तितका त्याचा उतारा, म्हणजे त्यातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, घटतो. म्हणून शेतकऱ्याला दूरच्या गिऱ्हाईकाची वाट पाहता येत नाही आणि कारखान्याला दूरचा ऊस परवडत नाही. दोघे एकमेकांना बांधलेले आहेत. अशा बाजारात भाव नुसता सोडून दिला, तर ज्याच्याकडे काटा आहे तोच तो ठरवतो. यासाठी १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाने किमान भाव आणि १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. २००९मध्ये किमान भावाच्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी आली. ती उताऱ्याला जोडलेली असते. २०२४–२५च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये असा हा दर होता.

आता कारखान्याच्या बाजूने पाहा. ऊस येतो चार-पाच महिन्यांत, पैसे द्यायचे चौदा दिवसांत, आणि साखर विकली जाते वर्षभर. मधली दरी बँकेच्या माल तारण कर्जाने भरावी लागते. पोती गोदामात तारण, उचल बँकेकडून, व्याज कारखान्यावर. साखरेचा भाव घसरला की तारणाचे मूल्य घटते, उचल कमी पडते, उसाची बिले थकतात. एका बाजूला ऊस दर सरकार ठरवते. दुसऱ्या बाजूला साखर स्वस्त राहावी म्हणूनही सरकारच झटते. १९६७पासून कितीतरी वर्षे कारखान्याच्या साखरेचा मोठा हिस्सा लेव्ही म्हणून कमी भावाने रेशनसाठी जात असे. ही लेव्ही रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर २०१३मध्ये संपली. मग २०१८मध्ये उलट दिशेचे पाऊल पडले. साखरेला किलोमागे २९ रुपये किमान विक्री दर बांधून दिला गेला आणि २०१९मध्ये तो ३१ रुपये झाला. म्हणून हमी, पॅकेज, व्याजात सवलत हे शब्द वर्तमानपत्रात वाचताना, सरकार एका हाताने काय घेत होते आणि दुसऱ्या हाताने काय देत होते, हे दोन्ही एका पानावर मांडून पाहावे.

इथेनॉल हा या कहाणीतला ताजा अध्याय आहे. एक टन उसातून साधारण ११० किलो साखर मिळते. त्याबरोबर २८०–३०० किलो बगॅस आणि ४०हून अधिक किलो मळी निघते. बगॅस बॉयलरमध्ये जळते आणि त्यावर वीजही होते. मळीतून अल्कोहोल होते. २०१८च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मळी (जिच्यात काही साखर शिल्लक ठेवलेली असते) आणि थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्याची वाट खुली झाली. कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. डिसेंबर २०२३मध्ये साखर कमी पडेल या भीतीने रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले आणि गुंतवणूक करून बसलेल्यांचे गणित एका रात्रीत बिघडले. धोरणाची स्थिरता हेही एक पाठबळ असते, आणि त्याला तिजोरीतून पैसा लागत नाही.

५

या पाठबळातून काय उभे राहिले, हे मोकळ्या मनाने सांगायला हवे. कारखान्यासाठी रस्ते झाले आणि त्याच रस्त्यांनी दूध, भाजी, शाळेची मुले गेली. वारणेसारख्या ठिकाणी कारखान्याच्या शेजारी दूध संघ, बाजार, शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. १९८३मध्ये विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मिळाली, तेव्हा कारखान्यांच्या परिसरांत ती निघाली. खेड्यातला मुलगा गावाजवळच इंजिनियर होऊ लागला. वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून चेअरमनला जाब विचारणे ही सामान्य शेतकऱ्याला लोकशाहीची शाळा होती. २०२१–२२च्या हंगामात महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन साखर केली आणि उत्तर प्रदेशला मागे टाकले. एवढी मोठी उत्पादनयंत्रणा मूठभर भांडवलदारांच्या नव्हे तर खेड्यांच्या बळावर उभी राहिली, ही गोष्ट जगाच्या पाठीवर फारशी आढळत नाही.

आता चोपण जमिनीकडे वळू. पुढे एक काळ असा आला की नव्या कारखान्याच्या खर्चाचे गणित साधारण असे मांडले जाई: सभासदांचे १० टक्के, सरकारचे ३० टक्के, उरलेले ६० टक्के कर्ज, आणि तेही बहुधा सरकारच्या हमीवर. प्रवरेचा क्रम इथे उलटा झाला. तळाचा रुपया शेतकऱ्याचा राहिला नाही, मग बुडण्याची भीती कोणाला? ऊस पुरेसा आहे की नाही, पाणी टिकेल की नाही, हे न पाहता परवाने मागितले गेले आणि दिले गेले. जिथे ऊस नव्हता तिथे चिमण्या उभ्या राहिल्या. शेजारच्या गोव्यातही हे दिसते. धारबांदोड्याचा संजीवनी हा त्या राज्यातला एकमेव सहकारी साखर कारखाना. सरकारने त्याला वर्षानुवर्षे हात दिला, पण पुरेसा ऊस हाताशी नसल्याने अखेर गाळप थांबले आणि शेतकऱ्यांचा ऊस राज्याबाहेर पाठवावा लागला. उसाची जागा हमी भरून काढू शकत नाही.

झोनबंदीने कारखान्याला ऊस मिळाला, पण शेतकऱ्याचा दुसरीकडे जाण्याचा हक्क गेला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८०मध्ये कांदा आणि उसासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते अडवले, तेव्हापासून भावाचा प्रश्न कारखान्याच्या फाटकाबाहेर आला. पुढे जयसिंगपूरची ऊस परिषद दर हंगामाच्या तोंडाशी भरू लागली. सहकारी संस्थेच्या सभासदाला स्वतःच्याच संस्थेविरुद्ध रस्त्यावर यावे लागणे, याचा अर्थ सभागृहातली निचऱ्याची चारी बुजली होती. १९९८मध्ये परवाना पद्धत संपली, खासगी कारखाने वाढले. थकीत कर्जांपायी अनेक सहकारी कारखान्यांची विक्री झाली. २०११मध्ये राज्य सहकारी बँकेवर प्रशासक नेमावा लागला. आज राज्यात सहकारी आणि खासगी कारखाने जवळजवळ बरोबरीने उभे आहेत.

पाण्याचा प्रश्न तर मुळापासूनचा आहे. राज्याच्या पीकक्षेत्रात उसाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाच्या पाण्यात तो जवळपास दोनतृतीयांश, असा अंदाज केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने मांडला आहे. ठिबक हे त्याचे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर अधिक अवघड आहे: पाण्याचे वाटप कोण ठरवते? कालवा सरकारचा असला तरी त्यातले पाणी टेलच्या शेतकऱ्याचेही आहे, हे या उद्योगाने अजून पुरते मान्य केलेले नाही.

आणि कोयता. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. हिशेबाच्या वहीत दोन माणसे एक अवजार होऊन जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाड गाडीत घालायचे, फडाजवळ कोपी बांधायची, पहाटेच्या थंडीत तोडायला लागायचे आणि डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरायची. उचल फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा यायचे. सहकाराचा कायदा सभासदासाठी आहे, आणि ऊस तोडणारा सभासद नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९मध्ये चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा महाराष्ट्राला या वहीतल्या दुसऱ्या माणसाची आठवण झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ झाले आणि गाळपाच्या टनामागे त्यासाठी पैसा घेण्याचे ठरले. हे पाठबळ फार उशिराने आले. उसाला, साखरेला, यंत्रांना, अल्कोहोललाही सरकारचा आधार मिळून गेला होता. कोयत्याची पाळी शेवटी लागली.

६

या क्षेत्रात पूर्वसूरींनी मोठे काम केले आहे. गाडगीळांचा उल्लेख वर आलाच. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्यात राहून निवडणुका, गट-तट, नातीगोती यांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८०मध्ये आले. राजकारण आले की सहकार बुडतो, ही सोपी समजूत त्यांनी तपासून पाहिली आणि विरोधी गटाचा धाक कधी कधी कारखान्याला सरळ ठेवतो, हेही दाखवले. डोनाल्ड अ‍ॅटवूड यांनी बारामती तालुक्यातल्या माळेगावच्या परिसरात काम केले. ‘रेझिंग केन’ हा त्यांचा ग्रंथ १९९२चा. लहान आणि मोठ्या बागायतदारांचे हित एकाच गव्हाणीत कसे बांधले गेले, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतल्या कारखान्यांकडे जाणाऱ्या तोडणी मजुरांवर लिहिले. त्यांत खानदेशातून जाणारी माणसे आहेत, म्हणून ते आपलेही वाचन आहे. बाविस्कर-अ‍ॅटवूड आणि ब्रेमन यांना शेजारी-शेजारी ठेवून वाचावे. पहिल्या दोघांनी दाखवलेला कारखाना आणि तिसऱ्याने दाखवलेला फड मिळूनच उद्योग पूर्ण होतो.

नव्या अभ्यासकाला सुरुवात कशी करावी, हा प्रश्न पडतो. माझा अनुभवाचा सल्ला असा. एक कारखाना निवडा आणि त्याचे वीस-पंचवीस वर्षांचे वार्षिक अहवाल मिळवा. त्यात सभासदांचे भागभांडवल, सरकारी भागभांडवल, मुदत कर्जे, परतीच्या-बिनपरतीच्या ठेवी, साखरेचा साठा, थकीत देणी हे आकडे वर्षावर्षाने एका कागदावर उतरवून काढा. साखर आयुक्तालयाच्या हंगामी अहवालांशी गाळप आणि उतारा ताडून पाहा. कालव्याच्या पाळ्यांचे तक्ते पाटबंधारे खात्याकडून घ्या. मग शिवारात जा. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचे प्रमाण विचारा. आडसाली ऊस दीड वर्ष पाणी पितो. तो कोणाकडे आहे आणि खोडव्यावर कोण भागवतो, यावरून गावातली पत कळते. स्लिप देणाऱ्या चिटबॉयकडे बसा. कोणाचा ऊस वेळेवर तुटतो आणि कोणाच्या उसाला तुरा येतो, हे त्याला जितके माहीत असते तितके संचालकालाही नसते. काट्यावर उभे राहा. शेवटी कोपीत जा, आणि बोलण्याआधी ऐका.

ऐकण्यासारखे अजून खूप राहिले आहे. ऊसतोड स्त्रियांनी स्वतः सांगितलेला या उद्योगाचा इतिहास आपल्याकडे जवळजवळ नाही. बंद पडलेल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या थकीत पगारांवर आणि ओस पडलेल्या वसाहतींवर फारसे काम झालेले नाही. खासगी झालेल्या कारखान्यांत शेतकऱ्याचा आवाज वाढला की घटला, याची पद्धतशीर तुलना नाही. सरकारने दिलेली प्रत्येक हमी कुठे फळली आणि कुठे तिजोरीला भरावी लागली, याचा जिल्हावार हिशेब नाही. जमीन किती खारावली आणि ती सुधारायला कोणी किती खर्च केला, हेही एकत्र मांडलेले नाही. यांपैकी कोणताही एक विषय आयुष्याचा काही काळ द्यावा एवढा मोठा आहे.

दुसऱ्या प्रदेशांना आणि दुसऱ्या उद्योगांना इथून काय शिकता येईल, असे अनेकजण विचारतात. प्रदेशाचा उद्योग सरकारशिवाय उभा राहत नाही, हे या कहाणीतून स्पष्ट दिसते. आणि सरकारच्या मदतीखाली लोकांचा स्वतःचा रुपया, स्वतःचे लक्ष आणि स्वतःचा प्रश्न नसेल तर ती मदत जमिनीत मुरून वर मीठ होऊन येते, हेही तितकेच स्पष्ट दिसते. पाणी सोडणाऱ्याने चारी खणण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

वाचकहो, या विषयात या. आपल्या घरातल्या चहाच्या साखरेपासून सुरुवात करा. ती कोणत्या गव्हाणीतून आली, कोणत्या कालव्यावर पिकली आणि कोणत्या कोयत्याने तोडली, याचा माग काढत चला. त्या वाटेवर आपल्याला महाराष्ट्राचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास भेटेल. तो लिहून काढण्याचे काम अजून पुरे व्हायचे आहे, आणि त्यासाठी तुमची वाट पाहिली जात आहे.